कुटुंबाचा सहभाग

"आमच्या चिरंजीवांना परदेशात कोण काय शिकवणार? हाच तिकडच्यांना चार गोष्टी शिकवून येईल," असं सासरेबुवा विमानतळावर इतक्या मोठ्यानं म्हणाले, की सामान तपासणाऱ्यानं चिरंजीवांची बॅग पुन्हा एकदा उघडली.

चिरंजीव शाश्वत विकास शिकायला निघाले होते. माती वाचवायची, पाणी वाचवायचं, जमलं तर पृथ्वीही वाचवायची, असा तो विषय. अर्धा अभ्यास वर्गात, अर्धा गरीब वस्तीत. वस्तीत जाऊन राबायचं, त्याला क्षेत्रकार्य म्हणायचं. फुकट राबायचं, त्याला समाजसेवा म्हणायचं.

सोबत सून होती. ती मातीचंच शास्त्र शिकत होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं. "मुलीचं शिक्षण आम्ही पूर्ण करू," असा शब्द सासरेबुवांनी लग्न ठरवताना चारचौघांत दिला होता. लग्नानंतरही शब्द तोच राहिला, फक्त त्याच्या आधी "ह्याचं एकदा होऊन जाऊ दे, मग" एवढं लागलं.

पहिल्या दिवशी वस्तीच्या बागेत चिरंजीवांच्या हाती कुदळ दिली. त्यांनी ती अशी उगारली, की शेजारचे विद्यार्थी आपोआप लांब झाले. पहिला घाव हवेत गेला. दुसऱ्या घावाला जमिनीखालचा पाइप फुटला, आणि पाणी वाचवायला आलेल्या माणसानं अख्ख्या वस्तीचं दिवसभराचं पाणी घालवलं. संध्याकाळी हातावर फोड आणि तोंडावर सुतक घेऊन ते घरी आले. उद्यापासून तूही चल, नुसतं बघायला, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

बघायला गेलेली सून खणायला लागली. वस्तीतल्या घराघरांतून भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा गोळा करून तिनं गांडूळखताचा लांबलचक वाफा घातला. ओल किती ठेवायची, वर पालापाचोळा किती पसरायचा, हे तिनं तिथल्या बायकांना खाणाखुणा करून शिकवलं. मग घरी येऊन स्वयंपाक, भांडी, आणि मातीचा ठिपकाही न लागलेले नवऱ्याचे कपडे धुणं. चिरंजीव तेव्हा टेबलाशी बसून अहवाल लिहीत. त्यात "मी खणले", "मी शिकवले", असं जागोजागी होतं. 'घरातील कामाची समान वाटणी' या प्रकरणावर तर त्यांनी फार मेहनत घेतली. ते संपेपर्यंत आतून चहा येत राहिला.

यात कोणालाच काही वावगं दिसलं नाही. हुंडा मागितला तर लोक निदान तोंडावर तरी नाक मुरडतात. सुनेचं शिक्षण मागून घेतलं, तर तिला समजूतदार म्हणतात.

दिसलं ते शिकवणाऱ्या मॅडमना. त्या तपासणीला येत तेव्हा चिरंजीव बूट घालून वाफ्याशेजारी उभे असत, पण वस्तीतल्या बायका प्रत्येक गोष्ट सुनेला विचारत. मॅडमनी तिला बाजूला घेतलं. संध्याकाळचा एक अभ्यासक्रम सुरू होतोय, तुझ्यासाठी जागा ठेवते, येशील का, असं विचारलं. लग्न झाल्यापासून "येशील का" असं तिला कोणी विचारलंच नव्हतं. सगळे "ये" म्हणायचे.

ही बातमी चिरंजीवांच्या फोनवरून सासरी पोचली आणि उलट टपाली सुनेचं परतीचं तिकीट आलं, परीक्षक वाफा बघायला येणार होते, त्या भेटीच्या दुसऱ्या दिवसाचं. सासूबाईंचे गुडघे धरलेत, घर उघड्यावर पडलंय, आणि दिलेला शब्द काय कुठे पळून जातोय का, असं सासरेबुवांचं म्हणणं. सोबत चिरंजीवांना एक सल्लाही होता: मोठे लोक येणार, वास येता कामा नये.

चिरंजीव वडिलांच्या शब्दाबाहेर कधीच नव्हते. भेटीच्या सकाळी ते एकटेच लवकर गेले आणि फिनेलचा अख्खा कॅन वाफ्यावर उपडा केला.

परीक्षक आले तेव्हा वास खरंच छान येत होता, दवाखान्यासारखा. पण गांडुळं बाहेर पडत होती. जी मेली ती वरच पडून राहिली. जी जिवंत होती ती फळीवरून, भिंतीवरून, आणि मुख्य परीक्षकांच्या बुटांवरून वाट मिळेल तिकडे निघाली. सून गुडघ्यांवर बसून ओंजळीनं त्यांना फिनेल न लागलेल्या मातीत टाकू लागली. थोडी हलत होती. बरीचशी हलत नव्हती.

"अगं, आवर ना पटकन," चिरंजीव तिच्या कानाशी पुटपुटले. "लोक बघतायत."

ती उठली. हात तसेच मातीनं भरलेले.

"मी नाही आवरणार."

"हळू बोल."

"वाफा मी घातला, मारलात तुम्ही. आता तुम्हीच आवरा. आणि उद्या मी जाणार नाहीये. मला शिकायचंय."

मग मोडक्यातोडक्या भाषेत तिनं परीक्षकांना सगळं सांगितलं. कुदळीपासून अहवालापर्यंत. मुख्य परीक्षक बूट झटकायचे थांबले. त्यांचे डोळे पाणावले होते; फिनेलही होतंच.

त्याच संध्याकाळी क्षेत्रकार्याचा निकाल लागला. चिरंजीव पहिल्या वर्गात पास. 'कुटुंबाचा सहभाग' या सदरात त्यांना पैकीच्या पैकी मिळाले, आणि फिनेलची नोंद 'अपयशातून घेतलेला धडा' अशी झाली. मॅडम भांडभांड भांडल्या. परीक्षकांच्या समितीनं त्यांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी विमान सुनेशिवाय उडालं. सासरेबुवांचा फोन आला.

"बाईमाणसाला एवढा हट्ट शोभत नाही. घराचं नाव आहे."

"बाबा, शब्द तुम्ही दिला होता," सून म्हणाली. "मी फक्त तो पाळतेय."

पलीकडे लांबून सासूबाईंचा आवाज आला, "शीक गं तू, माझे गुडघे माझं मी बघते," आणि फोन कट झाला. कोणी केला ते कळलं नाही. त्या घरातून पुन्हा फोन आला नाही. माहेरून एकदा आला. नवऱ्याला सोडून आमच्या दारात उभी राहू नकोस, धाकटीचं लग्न व्हायचंय, असं आईनं रडत रडत सांगितलं. बाजूला बसून कोणीतरी तिला पुढचं वाक्य सांगत होतं.

चिरंजीव मित्राच्या खोलीवर राहायला गेले. धुवायचे कपडे तेवढे ठेवून गेले. सुनेनं ते पिशवीत भरून मित्राच्या दाराला अडकवले, तसेच, न धुता. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली, एका खानावळीत भांडी घासायला. इथे निदान त्याचा पगार मिळत होता.

सोमवारी संध्याकाळी वर्ग सुरू झाला. ती पहिल्या बाकावर बसली. मॅडमना अचानक बाहेरगावी पाठवल्यामुळे विभागानं पहिल्या तासाला पाहुण्या वक्त्याची सोय केली होती. वक्ता म्हणून तिचा नवरा आला. विषय होता 'बाईच्या न मोजलेल्या कष्टांची किंमत'. पडद्यावर त्यानं वाफ्याचा फोटो दाखवला. फोटोत तिचे हात होते, मनगटापर्यंत.