हाकेला ओ

मिरिआमाला फाटकापाशी पोचायला अकरा वाजून गेले. उजव्या काखेत चित्रपटाचा गोल पत्र्याचा डबा होता, डाव्या हातात नवऱ्याचा चौकटीतला फोटो. डबा तसा रिकामाच. चित्रपट हल्ली बोटाएवढ्या वस्तूत मावतो, आणि ती वस्तू भाच्याकडे, हेमीकडे, आठवडाभर आधीच टपालानं पोचली होती. पण त्यात दिसणारी गावातली मेलेली माणसं टपालानं घरी यावीत हे तिच्या मनाला पटेना, म्हणून चित्रपट सापडला त्या संग्रहालयातल्या बाईकडून तिनं तो जुना डबा मागून घेतला होता.

“गंजलाय हो फार,” ती बाई म्हणाली होती.

“मीही गंजलेय. द्या इकडं.”

सिडनीहून विमान, मग दिवसभर बस, आणि शेवटचा टप्पा मेंढ्या नेणाऱ्या ट्रकमधून, असं करत ती आली होती. सहासष्टाव्या वर्षी हे सोपं नव्हे. यापूर्वी ती तीनदा गावी आली होती, तिन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला, आणि तिन्ही वेळा पाहुण्यांच्या घोळक्यात मागच्या रांगेत उभी राहिली होती. आज घोळका नव्हता. फाटकाबाहेर ती एकटीच होती, आणि एकटं माणूस लपणार कुठे?

समोर सभाघराच्या ओसरीवरून हेमीची बायको मारामा पुढे आली. काळा झगा, डोक्याला हिरवा पाला, छातीशी धरलेले हात. तिनं हाक दिली. ‘या, समुद्रापलीकडून आलेल्या, या. तुमच्या गेलेल्यांना घेऊन या, आमचे गेलेले वाट पाहताहेत.’ मारामाचा आवाज बारीक होता, शेवटी शेवटी श्वास पुरला नाही, पण हाक खरी होती.

हाकेला ओ द्यायची असते. पाहुण्यांतल्या बाईनं ती द्यायची, मग चालायला लागायचं. मिरिआमानं तोंड उघडलं नाही. डबा छातीशी धरला, मान खाली घातली आणि तशीच हिरवळीवरून चालत आली. दोन्ही बाजूंच्या लोकांनी गवताकडे पाहिलं. ओसरीवर खुर्चीत तिची थोरली बहीण, हेमीची आई तुरुहीरा बसली होती, गळ्याला रुमाल, हातात काठी. ती मात्र सरळ मिरिआमाकडेच पाहत होती.

या दोघींचं सत्तावन्न वर्षांचं प्रकरण गावात सगळ्यांना पाठ होतं. मिरिआमा नऊ वर्षांची असताना शहरातले लोक कॅमेरे घेऊन गावात आले. त्यांना एक मुलगी हवी होती, आणि गावातली सगळी पोरं कॅमेऱ्यासमोर लाकडासारखी उभी राहत असताना ही एकटी नाक खाजवत राहिली, म्हणून हिला घेतलं. चित्रपटाच्या शेवटी गाव ओस पडतं, आणि ती मुलगी सभाघरासमोर एकटी उभी राहून रिकाम्या फाटकाकडे हाक देते. लिहिणाऱ्याला ते फार सुंदर वाटलं असणार. गावाला घाम फुटला. घरात म्हातारी जिवंत, थोरली बहीण जिवंत, आणि शेंबडी पोर हाक देणार? थोरल्यांच्या आधी धाकटीनं हाक देणं म्हणजे थोरल्यांना वाटेला लावणं.

चित्रपट राजधानीत आठवडाभर चालला आणि पडला. या किनाऱ्यावर तो कधी आलाच नाही. राजधानीला गेलेल्या एकट्या विरेमू मामानं तो पाहिला आणि परत येऊन सांगितलं, “दिली की पोरीनं हाक. चांगली तोंड उघडून दिली.” मामा एका कानानं ठार बहिरा आणि दुसऱ्यानं अर्धा, पण सांगणारा तोच एक. त्याच हिवाळ्यात आजीला, म्हणजे सगळ्या गावाच्या कुईला, न्यूमोनिया झाला आणि ती गेली. मग गावाला आणखी काही समजून घ्यायची गरज उरली नाही. कुईच्या मातीच्या दिवशी सतरा वर्षांच्या तुरुहीरानं दहा वर्षांच्या बहिणीला सभाघरामागे नेऊन सांगितलं, “मी जिवंत आहे तोवर या अंगणात तू तोंड उघडायचं नाहीस.” पुढच्या महिन्यात सिडनीची मावशी धाकटीला घेऊन गेली.

तिथं मिरिआमानं आणखी दोन चित्रपट केले. एकात ती नाव नसलेल्या कुठल्याशा बेटावरची मुलगी होती. कानामागे फूल आणि तीन वाक्यं. दुसऱ्यात ताटली घेऊन आत येणारी मोलकरीण. वाक्य एकच, तेही कापलं. एका साबणाच्या जाहिरातीत तिचे फक्त हात आले. तेराव्या वर्षी ती अशी ताडमाड वाढली की कुठल्याही गोऱ्या नायकाशेजारी उभी करायची पंचाईत झाली, आणि कारकीर्द संपली. नंतर रुग्णालयाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं चादरी. तिथल्या बायका तिला ‘हिरॉइन’ म्हणत आणि जड गाठोडी तिच्याकडेच सरकवत. तिला याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं होतं, आणि ती गोष्ट तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

आता नवरा गेला होता. तिला इथं परत यायचं होतं, कायमचं. कुईच्या घराची जागा मोकळी होती. पण इथं राहायचं तर हाक देणाऱ्या बायकांच्या ओळीत उभं राहायला हवं, आणि त्या ओळीत तुरुहीरानं जागा दिल्याशिवाय कुणाची हिंमत नव्हती. नाहीतर सगळा जन्म परक्या गावात काढून आपल्या गावात पुन्हा पाहुणीच.

नाकाला नाक लावून सगळ्यांना भेटून झालं, भाषणं झाली, भटारघरात चहा, तळलेले पाव आणि शिंपले झाले. तुरुहीरासमोर ती वाकली तेव्हा थोरलीनं नाक लावलं, पण डोळे मिटले नाहीत. मागच्या वर्षी तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती. जिच्या हाकेला टेकडीपलीकडची गुरं माना वर करायची, तिच्याकडे आता नुसती खरखर उरली होती.

“विमानात खायला देतात का गं नटीला?” तुरुहीरा खरखरली.

“देतात. पण नटीला खिडकी मिळत नाही.”

“आज बघू तुझं काम. सगळं गाव बघेल.”

“ताई, जुनं आहे ते. सोड ना आता.”

“मी सोडलं असतं तर मारामाला हाक कशाला शिकवत बसले असते? दमा आहे तिला.”

मिरिआमा कप विसळायच्या निमित्तानं उठली आणि हेमीला गाठलं. पन्नाशीचा हेमी रस्तेदुरुस्तीच्या टोळीवर मुकादम होता. जेवणघराच्या खिडक्यांना तो घोंगड्या ठोकत होता, तीन वाजता खेळ होता म्हणून.

“हेमी, शेवटी मी अंगणात उभी राहते ना, तिथं आवाज बंद कर. दोन मिनिटं फक्त. विचारलं तर म्हण, आवाजाची पट्टीच खराब झालीय.”

“का मावशी? लाज वाटते?”

“हो. लाजच वाटते म्हण.”

हेमीनं खिळे तोंडातून काढले, तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली.

सत्तावन्न वर्षांपूर्वी याच जेवणघराला अशाच घोंगड्या टांगल्या होत्या. चित्रीकरणाच्या दिवशी कुईनं तिला बजावलं होतं, “ओठ हलव. आवाज काढलास तर याद राख.” तिनं ओठच हलवले होते. पण मग दिग्दर्शक म्हणाला, ओठांवर आवाज घालावाच लागेल, आणि मुलगी देणार नसेल तर शहरातून एखादी गाणारी आणू, तिला काय, कुठलंही आळवेल. आपल्या फाटकावर, आपल्या मेलेल्यांना, कुणा परकीनं काहीबाही आळवायचं हे कुईला सोसवेना. दुसऱ्या दिवशी घोंगड्यांच्या आत, आवाज टिपणाऱ्या यंत्रासमोर, तिनं स्वतः हाक दिली. आत तो यंत्रवाला, कुई आणि तिचा हात धरलेली मिरिआमा, एवढेच. जिनं दोन पिढ्यांना शिकवलं की समोर कुणी नसताना हाक देऊ नये, तिनं भिंतीला हाक दिली होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “तूच दिलीस म्हणून सांग. लहान पोरीची चूक लोक चार दिवसांत विसरतात. माझी विसरणार नाहीत.”

कुईचे सगळे अंदाज बरोबर येत. हा तेवढा चुकला.

म्हणूनच संग्रहालयातून चित्रपट सापडल्याचं पत्र आलं तेव्हा मिरिआमा आठवडाभर ते उशाखाली घेऊन झोपली होती. नको म्हणाली असती तर तो तिथंच पडून राहिला असता. पण त्यात गावातली तीस-चाळीस माणसं होती, आणि कित्येकांच्या घरी त्यांचा साधा फोटोही नव्हता. त्यांना ती कशी अडवणार? कुईचा शब्द मात्र तिला आजही मोडायचा नव्हता.

तीन वाजता जेवणघर भरलं. पडदा म्हणजे दोन चादरी शिवलेल्या. शिवण मिरिआमानंच पाहून नावाजली होती. चित्र सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणालं, “बाबा.” मग एकेक जण आपापल्या माणसाशी बोलू लागला. विरेमू मामा घोड्यावरून गेला तेव्हा त्याची सत्तरीची मुलगी रडत रडत हसून म्हणाली, “खोगीर उलटं बसवलंय, अजून तसंच.” कुणी गोष्टीकडे लक्ष देत नव्हतं. गोष्ट होतीही तशीच. मिरिआमा थोरलीशेजारी बसली होती, आणि तिला फार बरं वाटत होतं, आणि फार भीतीही वाटत होती.

शेवट आला. ओस गाव, अंगण, नऊ वर्षांची मुलगी. तिनं तोंड उघडलं आणि आवाज गेला.

हेमी पाठांतर केल्यासारखं म्हणाला, “इथं पट्टी खराब आहे जरा.”

काठी जमिनीवर आपटली. “आवाज लाव.” खरखर इतकी हळू होती की सगळं घर ऐकायला गप्प झालं. “सत्तावन्न वर्षं हिची हाक ऐकायला बसलेय मी. तू लावतोस की मी उठू?”

“आई, मावशी म्हणाली...”

“तुझी आई कोण? मी का ती?”

हेमीनं मिरिआमाकडे असहायपणे पाहिलं, चित्र मागं नेलं आणि आवाज लावला.

मुलीनं तोंड उघडलं. आणि त्या एवढ्याशा तोंडातून जाड, भरदार, तंबाखूनं किंचित घोगरी झालेली हाक निघाली, जिच्या शेवटी स्वर खाली न पडता वर उचलून धरलेला होता. तसा स्वर धरणारी या किनाऱ्यावर एकच बाई होऊन गेली होती, आणि दुसरी तिच्याकडून शिकलेली तुरुहीरा. ज्यांनी कुईला ऐकलं होतं त्यांचे चेहरे आधी बदलले. तुरुहीराची काठी हातातून निसटली, तिनं ती उचलली नाही.

“ही कुई आहे,” ती म्हणाली.

मिरिआमानं काठी उचलून तिच्या हाताशी ठेवली.

“तू होतीस तिथं?”

“होते. हात धरून.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तिनं सांगू नको म्हटलं होतं.”

तुरुहीरानं तिच्याकडे पाहिलं. थोरलीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. “मी तुला तोंड मिटायला सांगितलं,” ती शेवटी म्हणाली. “आणि तू मिटलंस, मूर्खासारखं.”

पडद्यावर कुईची दुसरी हाक आली. कॅमेरा वळून फाटक दाखवत होता. फाटकात कुणी नव्हतं. हाक अंगण ओलांडून गेली आणि तशीच राहिली. जेवणघरातल्या कुणालाच ते ऐकवेना. हाक देऊन कुईला कुणी असं ताटकळत ठेवलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं.

थोरलीचा हात मिरिआमाच्या पाठीवर आला आणि त्यानं तिला पुढं ढकललं.

“बोलावतेय ती. ओ दे.”

“ताई, तू थोरली आहेस. तू असताना...”

“माझ्याकडे आवाज आहे का? मी सांगतेय ना. ऊठ.”

मिरिआमा उठली. गुडघे कटकटले. आयुष्यात तिनं कधी हाक दिली नव्हती, ओही दिली नव्हती, पण शब्द तिला सगळे येत होते. धुलाईघरात यंत्रांच्या घरघरीत, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, ती ते एकतीस वर्षं म्हणत आली होती. तिसरी हाक संपता संपता तिनं तोंड उघडलं. पहिला स्वर चिरकला. दुसरा लागला. ‘आले, कुई, आले. तुझ्या हाकेला आले. समुद्रापलीकडून आले, माझ्या गेलेल्याला घेऊन आले, उशीर झाला, रागावू नकोस.’ शेवटी तिनं स्वर खाली पडू दिला नाही. मागून मारामानं आणि मग सगळ्या बायकांनी तो उचलून धरला, आणि त्यात थोरलीची खरखरही होती.

हेमीनं चित्र तिथंच थांबवलं. पडद्यावर परतलेली नऊ वर्षांची मुलगी तोंड मिटून फाटकाकडे पाहत उभी होती. तुरुहीरानं बसल्या जागेवरून हात लांबवला, बहिणीचा झगा धरला आणि तिला आपल्या शेजारी, बायकांच्या ओळीत ओढून घेतलं.