बैलगाडीचं उणे वजन

नालवाडीला प्रभाकररावांची कापसाची जिनिंग होती आणि जिनिंगच्या माडीवर तीन कॉम्प्युटर. खाली सरकी निघायची, वर रुई उडायची. एका दिवाळीला नीलेशनं कीबोर्ड उलटा करून झटकला, तर त्यातून एक उशी भरून वर बाळाची गादी होईल एवढी रुई निघाली. ज्यांना पटत नाही, त्यांनी ती उशी पाहिलेली नाही, एवढंच.

साल होतं दोन हजार पाच. वजनकाट्यावरचं सगळं काम कॉम्प्युटरनं करायचं आणि तो प्रोग्राम जिल्ह्यातल्या बाकी जिनिंगवाल्यांना विकायचा, असं प्रभाकररावांनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी पवनारची आचल आणि पुलगावचा नीलेश अशी दोन पोरं नोकरीला ठेवली. पण दोन हंगाम गेले तरी गिऱ्हाईक फिरकलं नाही, तेव्हा प्रभाकररावांनी एका सोमवारी सांगूनच टाकलं, "शनिवारी देवळीचे सदाशिवराव पाह्यले येऊन राह्यले. त्यायची जिनिंग मोठी हाय. त्यायले पटलं तं ठीक. नाई तं हे डबे विकतो अन् माडी भाड्यानं देतो. तुमी जा पुण्याले, सारेच जातेत."

नीलेशचे मामा पुण्यात होते, त्याला काही वाटलं नाही. आचलला मात्र जायचं नव्हतं. पुण्याची भीती तिला नव्हती. तिच्यासोबत शिकलेल्या पोरी तिथं बसून अमेरिकेतल्या विम्याचे प्रोग्राम लिहायच्या आणि विमा काढणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आचलला तिचं गिऱ्हाईक खिडकीतून दिसायचं, बैलांना पाणी पाजताना. ही खिडकी तिला सोडायची नव्हती.

पण प्रोग्राम चालावा कसा? आचल आणि नीलेशचं एकमेकांशी पटेल तर ना.

दोघांचं लिहिलेलं एका जागी ठेवायला तिसऱ्या कॉम्प्युटरवर सीव्हीएस नावाची एक सोय बसवली होती. तिचा कायदा असा, की जो आधी आपलं काम जमा करील त्याचं बिनबोभाट घ्यायचं. मागून येणाऱ्यानंही त्याच ओळी बदलल्या असतील, तर मात्र सीव्हीएस हात वर करायची. पडद्यावर वर बाणांची रांग, खाली बाणांची रांग, मधात बरोबरच्या चिन्हांची भिंत. भिंतीच्या एका अंगाला तुझं, दुसऱ्या अंगाला त्याचं. काय ठेवायचं ते मागून येणाऱ्यानं निस्तरायचं. याला ते कॉन्फ्लिक्ट म्हणत. शेताच्या वाटणीला बसलेल्या भावांनीही इतके बांध घातले नसतील.

आता नीलेशची पुलगावची रेल्वे आधी सुटायची आणि आचलची पवनारची बस नंतर. वेळ झाली की नीलेश एका हातानं बॅग खांद्यावर टाकायचा, दुसऱ्या हातानं काम जमा करायचा आणि जिना उतरायचा. एकदा तर तो इतक्या घाईत निघाला, की त्यानं पाठवलेलं तिसऱ्या कॉम्प्युटरला पोहोचायच्या आधी तो स्वतः पुलगावला पोहोचला. मागं राहिलेल्या आचलच्या नशिबी रोज त्या भिंती.

"काऊन रे, माह्या ओळीत पुन्हा हात घातला?" ती सकाळी विचारायची.

"तुह्या ओळीवर का तुहं नाव कोरलं होतं? मी पह्यले टाकलं."

"तू पह्यले टाकत नाई, पह्यले पळतं."

काम जमा करताना काय बदललं ते एका ओळीत लिहायची सोय होती. तिथं नीलेशनं लिहिलं, 'आचलनं बिघडवलेलं नीट केलं.' आचलनं लिहिलं, 'नीलेशनं नीट केलेलं नीट केलं.' असा तो इतिहास वाढत चालला होता.

शुक्रवारी रेल्वे लेट झाली. बातमी कळताच नीलेश चहाला गेला, आणि आचलनं तेवढ्यात आपलं काम जमा करून टाकलं. तो परत आला, त्यानं बटण दाबलं आणि पडदा वरपासून खालपर्यंत बाणांनी भरला. तो असा ओरडला, की खालची जिनिंग घाबरून घडीभर थांबली.

जिनिंग थांबली म्हणून प्रभाकररावांच्या आई, देवकाबाई, जिना चढून वर आल्या.

"काय झालं रे पोट्टेहो? कायचं भांडण हाय?"

"आजी, ही म्हणते तिचं ठेव. मी म्हणतो माहं ठेव."

"मंग दोघायचंबी ठेवा ना! घरात का जागा कमी हाय?"

देवकाबाईंचा शब्द त्या घरात शेवटचा. प्रभाकरराव त्यांना विचारल्याशिवाय टोपी बदलत नसत. नीलेशनं मुकाट्यानं बाण पुसले, भिंत पाडली आणि दोघांचंही एकाखाली एक ठेवून दिलं. आचलनं ते पाहिलं. मनात खटकलंही. पण पहिल्यांदाच निस्तरायचं तिच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि आजीपुढं कोण बोलणार? ती आनंदात आधीची बस पकडून घरी गेली.

शनिवारी कॉम्प्युटर काट्यापाशी उतरवला. सदाशिवराव खुर्चीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. कवडूभाऊ नावाच्या शेतकऱ्याची भरली बैलगाडी काट्यावर चढली, वजन झालं. कापूस उतरवून रिकामी गाडी पुन्हा चढली. प्रिंटर करकरला आणि पावती बाहेर आली: कापूस, उणे चार क्विंटल.

"उणे?" कवडूभाऊनं पावती उलटीसुलटी पाहिली. "म्हंजे मी कापूस आणला, अन् वरून चार क्विंटल मीच द्याचा हाय का?"

सगळी जिनिंग हसली. कवडूभाऊच्या डाव्या बैलानं मान वळवून पावती पाहिली, असं सांगणारे आजही आहेत. उजव्यानं पाहिली नाही, तो समजदार होता. प्रभाकररावांचं तोंड मिरचीसारखं झालं. सदाशिवरावांचा अडकित्ता थांबला.

"रिकाम्या गाडीचं वजन दोनदा वजा झालं," आचल पुटपुटली. "तुहं बी अन् माहं बी."

"आजीनं सांगतलं तं..."

"आजीले मधात आणू नको. सरक तिकडं."

दोघं एकाच स्टुलावर अर्धे अर्धे बसले. त्याचं बोट तिची ओळ पुसायला निघालं, तिचं बोट त्याची. मग आचलचा हात थांबला. एवढ्या दिवसांत न विचारलेली गोष्ट तिनं विचारली.

"रिकाम्या गाडीचं वजन तू आधीच नोंदवून काऊन ठेवतं?"

"ट्रॅक्टर दिवसातून चारदा येते. दर खेपेले रिकामा चढवला तं लाईन रस्त्यापर्यंत जाते. म्हणून एकदा मोजलं ते मोजलं. अन् तू दरवेळेस काऊन मोजतं?"

"बैलगाडीत कधी कडबा राह्यते, कधी पोरं बसते. सकाळचं वजन दुपारी जुळत नाई."

इतके दिवस जिच्यावरून भांडण चाललं होतं त्या भिंतीच्या दोन्ही अंगांना खरंच होतं, फक्त एकाला ट्रॅक्टर दिसत होता आणि दुसरीला बैलगाडी.

"ट्रॅक्टर असंन तं तुहं," ती म्हणाली.

"बैलगाडी असंन तं तुहं. लिव."

तिनं लिहिलं, तो ओळ न् ओळ मोठ्यानं वाचत गेला. प्रिंटर पुन्हा करकरला. कवडूभाऊनं पावती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली आणि मान हलवली. "हां. आता हा माह्या घरून निंघालेला कापूस हाय."

प्रभाकरराव सदाशिवरावांकडं पाहायची हिंमत करत नव्हते. आचलनं पाहिलं. सदाशिवरावांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली.

"मांगच्या हंगामात मी बाहेरून असाच प्रोग्राम आणलता," ते म्हणाले. "अडला का फोन लावा. फोन उचलेपर्यंत कापूस संपला. चुकत नाई असं म्हणणारा तो बी होता. इथं चुकलं, पण बैलाचा रवंथ व्हायच्या आत दुरुस्त झालं. मले असेच हाकेवरचे पोट्टे पाह्यजेत. देवळीले कधी येता?"

प्रभाकररावांनी माडी भाड्यानं द्यायची गोष्ट तिथल्या तिथं गिळली.

"सोमवारी," नीलेश म्हणाला.

"बुधवारी," आचल म्हणाली, त्याच दमात.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. कालची गोष्ट असती तर बैलगाडी पुन्हा अडली असती.

"तू सांग," नीलेश म्हणाला. "बुधवार काऊन?"

"आधी विचारून तं घेऊ." ती सदाशिवरावांकडं वळली. "काकाजी, तुमच्या काट्यावर ट्रॅक्टर जास्त येतेत का बैलगाड्या?"

सदाशिवरावांना आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, अडकित्ता खिशात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. आणि ते असे रंगले, की सोमवार तर नाहीच, बुधवार तरी गाठता येतो की नाही अशी दोघांना काळजी पडली.