आईला न्यायला गाडी आली

आजारी माणसाला फाशी देत नाहीत. तुरुंगाच्या डॉक्टरानं 'धडधाकट आहे' असं लिहून दिल्याशिवाय हात लावायचा नाही, असा कायदा आहे. काय पण माया म्हणावी.

म्हणून माझा भाऊ जेवत नव्हता. मंत्र्यानं सभेत छाती ठोकून सांगितलं होतं, मतदानाच्या आधी ह्याला लटकवतो. लोकांनी टाळ्या पिटल्या. खून त्यानं केला की नाही, हे आता कुणी विचारतही नव्हतं. वकील म्हणाला, "ताई, तोवर कसंही करून ढकला. एकदा मतं पडली की ह्याच्या मरण्याशी कुणाला देणंघेणं नाही. जन्मठेपेवर आणतो." भाऊ पाण्यावर राहिला. नळीनं पोटात घातलेलं ओकून टाकायचा. तापानं फणफणला, उभं राहता येईना. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि घरी येऊन भांडी आपटावीशी वाटायची.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. चार-दोन वर्षांची शिक्षा आहे, सुटून येईल, असं आम्ही सांगितलेलं. शेजारणींनाही मी दम भरून ठेवला होता.

एक दिवस तुरुंगाची गाडी दारात उभी. डॉक्टर स्वतः आला. "आजी, मुलगा जेवत नाही. तुमच्या हातचं खाईल." मेल्याची जीभ मधात घोळलेली. आई लगेच चुलीपाशी गेली, डबा भरून गाडीत बसली, मी तिच्यामागून तुरुंगात गेले.

"हाडं वर आलीत रे माझ्या राजाची," म्हणत तिनं डबा उघडला. त्यानं तोंड फिरवलं. "तुला माझी शपथ आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, आई, भरवू नकोस, हा बरा झाला की मारतील. भावानं माझ्याकडे बघून मान हलवली. सांगू नकोस. मला त्या दोघांचाही राग आला, आणि मी गप्प राहिले.

त्यानं तोंड उघडलं. आईनं डबा संपेपर्यंत भरवलं, लहानपणी भरवायची तसं, मध्येमध्ये तोंड पुसत. तो ओकला नाही. आईसमोर कसा ओकेल? डॉक्टर दाराला टेकून बघत होता.

निघताना आईनं डॉक्टरचा हात धरला. "साहेब, देव तुमचं भलं करो. उद्याही गाडी पाठवा हं. आता तो नाही म्हणायचा नाही."