तिसऱ्या डब्याचा नट

येडशीच्या घाटमाथ्यावर, रामलिंगाच्या रानाला लागून एक टेकडी आहे. तिच्यावर पत्र्याची खोली आहे, खोलीशेजारी लोखंडी मनोरा आहे आणि खोलीत हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर आहे. जिल्ह्यातली हॅम रेडिओची हौस असलेली माणसं हातातल्या लहान सेटवर बोलतात. त्या सेटचा आवाज फार लांब जात नाही. टेकडीवरचा रिपीटर तो ऐकतो आणि त्याच क्षणी मोठ्या ताकदीनं पुन्हा बोलतो. म्हणून धाराशिवचा माणूस मुरुमच्या माणसाशी बोलू शकतो.

ऐकायला आणि बोलायला एरियल मात्र एकच. बोलणाऱ्या तोंडाचा आवाज स्वतःच्याच कानात जाऊ नये म्हणून मध्ये तांब्याच्या डब्यांची एक रांग बसवलेली असते. तिला डुप्लेक्सर म्हणतात. प्रत्येक डब्याच्या डोक्यावर एक दांडी असते. ती केसभर वरखाली करून सूर जुळवायचा आणि नट आवळून पक्का करायचा. हे काम गोपाळकृष्ण सरांचं. ते आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले होते आणि येडशीतच राहत होते.

दिवाळीनंतर डुप्लेक्सर बिघडला. जवळची, जोरदार माणसं नीट ऐकू यायची. लांबचं कुणी बोलायला लागलं की रिपीटर ते ऐकून बोलायला सुरुवात करायचा, आणि बोलायला लागला की स्वतःच्याच आवाजानं बहिरा व्हायचा. काही ऐकू येत नाही म्हणून गप्प बसायचा. गप्प बसला की पुन्हा ऐकू यायचं, पुन्हा बोलायचा, पुन्हा बहिरा. सेटवर नुसतं खट्, खट्, खट् वाजत राहायचं, आणि दोन खटक्यांच्या मध्ये माणसाचं काहीतरी. शब्द नाही, अक्षरही नाही. बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो, तेवढंच.

दिवस मावळायच्या सुमाराला ते हमखास यायचं. इतर वेळीही यायचं, पण मावळतीला चुकायचं नाही. कोण आहे ते कुणालाच कळेना. हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबातल्या माणसांनी एकमेकांना विचारून पाहिलं. प्रत्येक जण म्हणाला, मी नाही.

सरांना मात्र पहिल्याच दिवशी वाटलं होतं की आपल्याला माहीत आहे.

त्यांची बायको शारदा हिच्याकडेही रेडिओचं लायसन्स होतं. बटण दाबायचं, एक श्वास घ्यायचा आणि मग बोलायचं, ही तिची पद्धत. सर चिडवायचे, तुझा निम्मा वेळ श्वासातच जातो. ती म्हणायची, तुमच्यासारखं धाडकन बोलायला मी काही शिपाई नाही. डुप्लेक्सर जुळवताना सर टेकडीवर आणि ती घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. आडोशामुळं तिचा आवाज टेकडीवर मुद्दाम अशक्त पोचायचा. ती एका सेटवर आकडे म्हणायची, दुसरा सेट कानाला लावून आपलाच आवाज परत कसा येतो ते ऐकायची. सर दांडी फिरवत राहायचे. आवाज स्वच्छ झाला की ती म्हणायची, "थांबा." सर नट आवळायचे.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं.

दिवाळीनंतर सरांनी टेकडीवर जायचं टाळलं. गुडघा दुखतो म्हणाले, मग पाना सापडत नाही म्हणाले, मग ऊन लई आहे म्हणाले. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डबे जुळले असते तर त्या श्वासाच्या पुढचं ऐकू आलं असतं. पुढं कुणी भलताच माणूस निघाला असता तर? बिघडलेलं होतं तोवर तो श्वास तिचा असू शकत होता. ते रोज मावळतीला सेट घेऊन गच्चीवर टाकीपाशी बसायचे. खट्खट् सुरू झालं की बटण दाबून हळूच म्हणायचे, बोल, ऐकतोय.

मे महिन्यात वादळ झालं. उमरगा-मुरुमकडचे मोबाईल बंद पडले. त्या संध्याकाळी खट्खट् थांबेचना. सर आनंदानं पुन्हा पुन्हा बोलत राहिले. इतका वेळ ती कधी थांबली नव्हती.

आठवड्यानं मुरुमचा बलभीम घरी आला. तो शेती करायचा आणि रेडिओचा त्याला भारी नाद. मुरुम म्हणजे रिपीटरच्या पोचेचा अगदी काठ, त्यामुळं त्याचा आवाज नेहमीच अशक्त यायचा. त्यानं पिशवीतून आंबे काढून ठेवले, चहा घेतला, पावसाचं बोलला. वादळात गोठ्याचा पत्रा उडून त्याच्या आईच्या, धुरपदाबाईंच्या पायावर पडला होता. रस्त्यावर झाडं पडलेली, फोन बंद. तो सेटवरून गाडी मागत होता. शेवटी शेजाऱ्यांनी बाजेवर घालून नेलं. पाय वाचला. जाताना तो चपला घालता घालता थांबला.

"सर, एक सांगू का? राग मानू नका. म्या गाडी मागत हुतो, आन तुमी मला शारदा म्हनत हुता."

सरांनी दाराची कडी उगाच एकदा मागंपुढं केली.

"म्या कुनाला सांगितलं न्हाय," बलभीम म्हणाला. "सांगनार बी न्हाय. पन ते डबं तेवढं बघा."

धाराशिवला कॉलेजात शिकवणारी सरांची मुलगी जाई सुट्टीला आली होती. तिनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. रात्री जेवताना सर म्हणाले, उद्या वर जायचं आहे, तू आईच्या जागेवर बसशील का? जाईनं मान हलवली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाबा, मीपण ऐकते ते. माझ्या खोलीत सेट आहे. मलाही वाटायचं."

एवढंच. पुढं दोघंही जेवले.

क्लबाचा सेक्रेटरी अनिरुद्ध धाराशिवला बँकेत होता. त्यानं मोजायचं मीटर पाठवून दिलं आणि फोनवर चेष्टाही केली, सर, गुडघा बरा झाला वाटतं. मीटर होतं म्हणून जाईनं कधी थांबायचं ते सांगायची गरज नव्हती. सरांनी तिला बजावलं, तू फक्त बटण दाबून एकापासून दहापर्यंत म्हणायचं, थोडं थांबून परत म्हणायचं. दुसरं काही बोलू नकोस. काम झालं की मी मोबाईलवर सांगेन.

सर वर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. खोलीचा पत्रा तडतडत होता. बाहेर वानरांची टोळी बसायची, ती आज नव्हती. रानात मोरही ओरडत नव्हता. सरांनी कुलूप काढलं, पंखा लावला, खिळ्याला टांगलेला पाना काढला. डब्यांवरून हात फिरवताना त्यांना कळलं की तिसऱ्या डब्याचा नट ढिला आहे. बोटानंसुद्धा फिरत होता. तो त्यांनी स्वतः आवळला होता, शारदा गच्चीवर असताना, अगदी शेवटच्या खेपेला. पान्याशिवाय तो सुटणारा नव्हता, आणि पाना खिळ्यालाच होता, धूळ धरून.

वाऱ्यानं मनोरा हलतो, उन्हानं धातू फुगतो. सरांनी मनाला असं सांगितलं आणि कामाला लागले.

स्पीकरमधून जाईचा आवाज आला. एक, दोन, तीन. आवाज खरखरीत बुडालेला होता. पहिला डबा जुळला, म्हणजे मीटरचा काटा तळाला गेला, पण नट आवळताच तो सरकला. पुन्हा जुळवला, पुन्हा सरकला. सर वैतागले. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. पूर्वी एकदा आवळला की जागेवर बसायचा, आणि त्यांना वाटायचं, आपला हात चांगला. बऱ्याच खटपटीनं दोन डबे जमले. त्यांचा सदरा घामानं भिजला होता.

तिसऱ्या डब्याची दांडी त्यांनी धरली. जाई मोजत होती. दांडी फिरली तशी खरखर पातळ होत गेली. आणि खरखरीच्या तळातून एक शिट्टी निघाली, बारीक, वरखाली होणारी. सर थबकले. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन जण एकदम बटण दाबतात तेव्हा अशी शिट्टी वाजते. आयटीआयमध्ये त्यांनी पोरांना हे कितीदा ऐकवलं होतं. दुसरं कुणीतरी आत होतं.

त्यांनी दांडी आणखी फिरवली. जाईचा आवाज म्हणत होता, पाच, सहा. त्याच्याखाली, शिट्टीच्या आतून, कुणीतरी श्वास घेतला. या वेळी तो तुटला नाही. पुरता घेतला गेला.

सरांचा हात चालू होता. मीटरचा काटा अजून तळाला गेला नव्हता, थोडं राहिलं होतं. जाई म्हणाली, सात.

"थांबा."

ते सातवरच आलं, जाईच्या सातच्या अंगावर. जाईचा आठ त्याच्यामागून आला, नेहमीच्या चालीनं.

तीस वर्षं त्या शब्दावर हात थांबत आला होता, तो थांबला. काटा सांगत होता, अजून. सरांनी काट्याकडं बघितलं नाही. पाना लावला आणि नट आवळला. आवळताना दांडी नटासोबत केसभर खाली ओढली गेली, आणि काटा आपोआप तळाला जाऊन बसला.

तेव्हा त्यांना उमगलं. ती नेहमीच जरा आधी थांबवायची. आवळताना दांडी सरकते हे तिच्या कानानं ओळखलं होतं, आणि तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. इतकी वर्षं ते आपल्या हाताचं कौतुक करत होते.

खरखर गेली. शिट्टीही गेली. स्पीकरमधून फक्त जाई येत होती, समोर बसून बोलावं तशी. नऊ, दहा. मग तीही थांबली आणि खोलीत काही उरलं नाही. इतकी स्वच्छ शांतता त्या स्पीकरमधून त्यांनी आधी ऐकली नव्हती.

आवळलेल्या नटावर पाना अजून होता. पाव फेरा उलटा दिला असता तर तो श्वास परत यायला पुरलं असतं. कुणाला कळलं नसतं. सरांनी पाना नटावरून काढला. तिनं स्वतः थांबा म्हटलं होतं. काय बंद होणार हे तिला कळत नव्हतं असं कसं म्हणावं? डबे तिलाही त्यांच्याइतकेच कळत होते.

उरलेले डबे त्यांनी तसेच केले, काटा तळाला जायच्या थोडं आधी थांबून. प्रत्येक वेळी बरोबर बसलं. पण थांबा कुणी म्हटलं नाही.

घरी आल्यावर जाईनं पाणी दिलं. मग विचारलं, "मधेच शिट्टी कशाची वाजली?"

"तू ऐकलीस?"

"हो. मी सातवर होते."

सरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तिनं आणखी काय ऐकलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. ती आत गेली. आतून नळ सुटल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मावळतीला दोघं गच्चीवर गेले. सेट टाकीच्या कठड्यावर ठेवला. वेळ झाली. खट्खट् आलं नाही. सरांनी आवाज पूर्ण मोठा केला. जाई शेजारी बसून होती. पक्षी रानाकडं परतले, देवळाच्या बाजूचे दिवे लागले.

मग सेट बोलला. बलभीम होता. आवाज अशक्त, पण अख्खा. "कुनी हाय का? सगळं ऐकू यायलंय का बघतोय." आईचा पाय बरा आहे म्हणाला, घरातल्या घरात चालायला लागली, आता शिव्या पहिल्यासारख्या देते.

सरांनी बटण दाबलं. बोलायच्या आधी त्यांनी एक श्वास घेतला. जाईनं त्यांच्याकडं पाहिलं.

"बलभीम, स्वच्छ येतंय," ते म्हणाले. "आईला नमस्कार सांग."

सकाळी जाई धाराशिवला निघाली. सर ओसरीवर आले तेव्हा त्यांच्या खिशात पाना होता. काल उतरताना तो खिळ्याला टांगायचा राहून गेला होता, किंवा त्यांनी राहू दिला होता. रात्रभर तो उशाशी होता. टेकडी काही लांब नव्हती आणि गुडघा अजिबात दुखत नव्हता.

त्यांनी पाना वर्तमानपत्रात गुंडाळला आणि जाईच्या पिशवीत, मीटरच्या शेजारी ठेवला.

"हा अनिरुद्धला दे," ते म्हणाले. "यापुढं तुझ्याकडंच ठेव म्हणून सांग. मी मागितला तरी देऊ नको म्हणावं."

जाईनं पिशवीची चेन लावली. येडशीच्या फाट्यावर एसटी आली तेव्हा ती खिडकीत बसली, आणि गाडी हलेपर्यंत पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.