मावशीची चुगली

पीटीच्या बाईंनी नोकरीभर मुलांची खोटी दुखणी पकडली होती. धावायची वेळ आली की कुणाचं पोट दुखायचं, कुणाचा घोटा मुरगळायचा. बाई तोंडातली शिट्टी न काढता नुसत्या भुवया वर करायच्या, की दुखणं पळालंच म्हणून समजा. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्यावर उलटी पाळी आली. घोटा खरोखरच मुरगळला होता, सुजून टम्म झाला होता आणि तो अजिबात दुखत नाही असं त्यांना दाखवायचं होतं. तेही पोटच्या पोरीला.

झालं होतं असं. मागच्या खेपेला बाई स्कूटरवरून पडल्या, तेव्हा थोरल्यानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, शब्द घेतला होता. पुन्हा पडलीस तर स्कूटर विकायची आणि मुकाट्यानं माझ्याकडे राहायला यायचं. मुलगा चांगला, सूनही चांगली, पण त्या घरात बाईंना चहासुद्धा कुणी करू देत नसे. लिफ्टनं खाली जायचं, बाकावर बसायचं, लिफ्टनं वर यायचं. आणि गेल्या आठवड्यात एका कुत्र्याला वाचवताना त्या वळणावर आडव्या झाल्या. कुत्रं अंग झटकून चालतं झालं. बाईंना उठायला जरा वेळ लागला.

थोरला रोज व्हिडिओ लावून ‘आई, जरा चालून दाखव’ म्हणायचा. बाई ‘आत्ताच फरशी पुसलीय रे, ओली आहे’ अशा थापा मारायच्या. परवापासून तर तो साधाच फोन करायला लागला. बाईंना सुटल्यासारखं झालं, आणि कारण विचारायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. पण ओल्या फरशीचा त्याला संशय आला होताच. त्यानं धाकट्या बहिणीला कामाला लावलं आणि तिनं आईला जेवायला बोलावलं. घरी नाही, संग्रहालयात, आपल्या कामाच्या जागी.

तिथला लांबलचक व्हरांडा बघूनच बाई समजल्या की ही परीक्षा आहे. छाती पुढे काढून, दात आवळून, मनातल्या मनात ‘एक दो, एक दो’ म्हणत त्या चालत गेल्या. धाकटीनं खांद्यानं दार ढकललं.

आत टेबलावर वाळूच्या पिशव्या होत्या आणि त्यांवर तपकिरी, जाडजूड हाडं टेकवून ठेवली होती. सगळीकडे दगडाची पूड आणि गोंदाचा वास. धाकटीनं डबा आईपुढे सरकवला.

‘झाकण घट्ट बसलंय, तूच उघड. आणि बस ना.’

‘बरी आहे मी उभी.’ बसलं की उठावं लागतं आणि उठताना सगळं उघडं पडतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

‘ही आमची मावशी,’ धाकटी हाडांकडे बोट दाखवत म्हणाली.

‘माझी बहीण? मला कुणी कळवलं नाही ते.’

‘डायनासोर आहे गं. पाला खाणारा, बसएवढा. नर की मादी ते ठाऊक नाही, पण इथे सगळे मावशीच म्हणतात. हा बघ तिचा डावा पाय. हाड मोडलं होतं, मग जुळलं, पण वाकडं. हा फुगवटा आहे ना, तो हाडानं स्वतःच भरून काढलेला. मेल्यानंतर मोडलं असतं तर भरलंच नसतं.’

बाईंनी आपला डावा पाय हळूच टेबलाखाली सरकवला.

‘पण गंमत अशी, की आम्हाला आधी उजवा पाय सापडला. धडधाकट. मोडतोड काही नाही, फक्त बोटांचे सांधे झिजलेले आणि कडेनं हाड वाढलेलं. मी तेव्हाच म्हटलं, मावशी डाव्यावर भार देत नसणार. दुखरा पाय कुणीही लपवतं, आई. चुगली करतो तो चांगला पाय.’ धाकटीनं आईच्या पायांकडे पाहिलं. ‘आल्यापासून तू एका उजव्याच पायावर उभी आहेस. बगळ्यासारखी.’

बाईंनी विषय बदलायचा एक प्रयत्न करून पाहिला. ‘मोडल्यानंतर जगली किती ही?’

‘बरीच वर्षं. हाड कापलं की झाडासारखी वलयं दिसतात, त्यावरून अंदाज येतो.’

‘मग तेवढी वर्षं तिला थोरल्याकडे नेऊन बाकावर बसवलं होतं का कुणी?’

‘आई!’

‘नाही, विचारते आपली. लंगडत का होईना, आपापली चरत होती ना?’

‘म्हणजे पडलीस तू.’

धाकटीनं फोन उचलला. ‘दादाला सांगावं लागेल. मी कबूल केलंय.’

‘नको गं,’ बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरंच कापला. ‘तिथे मला कुणी रागावतसुद्धा नाही. नुसते जपतात. मला माझं घर हवंय.’

धाकटीला ते लागलं. ती मान खाली घालून डाव्या हातानं फोनशी झटापट करत राहिली. फोन निसटला, टेबलावर आपटला. आणि बाईंच्या भुवया आपोआप वर गेल्या. पोरगी तर उजव्या हाताची! मग दार खांद्यानं ढकललं ते का? झाकण आईकडून का उघडून घेतलं? टेबलावरचा दिवा आणि सगळी हत्यारं डावीकडे कशी? आणि एवढ्या उकाड्यात उजव्या बाहीचं बटण मनगटापर्यंत कशाला?

‘दोन्ही हात वर!’ बाई शाळेतल्या आवाजात गरजल्या. ‘कोपर ताठ!’

डावा हात झटकन वर गेला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि धाकटी ‘आई गं!’ म्हणून खालीच बसली. बाहीखाली मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळलेली होती.

दालनातल्या मोठ्या सांगाड्याची मान पुसायला ती एकटीच शिडीवर चढली होती आणि घसरून पडली होती. एकट्यानं चढायला सक्त मनाई होती. साहेबांना कळलं असतं तर पुढच्या महिन्यात उत्खननाला जाणाऱ्यांतून तिचं नाव कटलं असतं.

‘चांगला हातही चुगली करतो म्हणायचा,’ बाई म्हणाल्या. मग दोघींनाही हसू आवरेना. हसताना बाई चुकून डाव्या पायावर आल्या आणि किंचाळल्या.

‘आत्ताच्या आत्ता दोघी डॉक्टरकडे जाऊ,’ धाकटी डोळे पुसत म्हणाली. ‘टॅक्सीनं. आणि दादाला काही बोलायचं नाही.’

तेवढ्यात त्याचाच फोन आला.

‘काय गं, कशी चालते आई?’

‘आई?’ धाकटीनं आईकडे पाहिलं. ‘ठणठणीत.’

बाईंनी फोन हातात घेतला. ‘आणि ही पण खणखणीत आहे हो, तुझी हेर. पण काय रे, हल्ली तोंड का नाही दाखवत? व्हिडिओ लाव की.’

‘अगं, इथे नेट बरोबर नाही दोन दिवस.’

ओल्या फरशीचं सख्खं भावंड बाईंनी जागच्या जागी ओळखलं.

‘बरं, राहू दे. नुसता उठून उभा राहा बघू.’

पलीकडे खुर्ची करकरली आणि पाठोपाठ दबकं ‘आई गं!’ ऐकू आलं.

‘तुला कुणी सांगितलं?’ थोरला पडेल आवाजात म्हणाला.

बाईंनी टेबलावरच्या वाकड्या हाडावरून मायेनं हात फिरवला.

‘मावशीनं,’ त्या म्हणाल्या.