चूकभूल क्रमांक बत्तीस

मी एक जुनं सायक्लोस्टाईल यंत्र आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलं नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. एक काळं पत्र्याचं पिंप, त्याच्या बाजूला एक दांडा आणि पोटात शाई, एवढाच माझा संसार. मेणकागदावर टंकलेखन करायचं, तो कागद माझ्या पिंपावर चढवायचा आणि दांडा फिरवायचा, की एकामागून एक छापील पानं बाहेर पडतात.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. रत्नागिरीला मी आगबोटीने आलो आणि एका कचेरीत कामाला लागलो. वीस वर्षं मी परिपत्रकं छापली. 'विषय' आणि 'संदर्भ' याखेरीज जगात काही असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मग विजेवर चालणारं नवं यंत्र आलं. कानामागून आलं आणि तिखट झालं! माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे उंदरांनी माझा रबरी रूळ कुरतडला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एक्याऐंशी साली कचेरीने मला मोडीत काढलं आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या इद्रीसने मला हातगाडीवर घालून आपल्या दुकानात आणलं. त्याने नवा रूळ बसवला, तेल दिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. इद्रीस, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी राही आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले भागोजी, या तिघांना विज्ञानकथांचं वेड होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ते 'आकाशगाडी' नावाचं मासिक काढणार होते. ते मी छापायचं होतं. पहिल्या अंकात चंद्रावर हापूसची कलमं लावणाऱ्या बागायतदाराची गोष्ट होती. ती छापताना मी इतका हरखलो, की चार पानं शाईने बरबटवून ठेवली.

या मासिकाची एक रीत होती. शेवटच्या पानावर 'चूकभूल' नावाचं सदर असे. गेल्या अंकातल्या कथेत विज्ञानाच्या काय चुका झाल्या, त्या क्रमांक घालून तिथे छापायच्या. आधी लेखकाचं एक तरी कौतुक करायचं, मग चुका सांगायच्या, आणि खाली आपलं नाव लिहायचं. निनावी चूक कोणी काढायची नाही. आंजर्ल्यापासून हातखंब्यापर्यंतचे वाचक कथेच्या आधी हे पान उघडायचे.

चौऱ्याऐंशीचा दसरा आला. इद्रीसने दुकानातली सगळी हत्यारं पुसून मांडली आणि राहीने मला झेंडूचा हार घातला. नेमका त्याच सकाळी मुंबईच्या एका रंगीत साप्ताहिकाचा वार्ताहर छायाचित्रकाराला घेऊन आला. त्या वेळी राही आणि इद्रीस डोक्यावर स्वयंपाकाचे ॲल्युमिनियमचे टोप उपडे घालून बसले होते. का, ते सांगतो. एका कथेत दोन अंतराळवीर हवा नसलेल्या जागी शिरस्त्राणं एकमेकांना टेकवून बोलतात. हे खरंच जमेल का, ते पाहिल्याशिवाय 'चूकभूल'चं पान लिहिणार कसं? छायाचित्रकाराने विचारलं, असेच बसता का जरा? पाहुण्याचं मन कशाला मोडायचं, म्हणून दोघं हसून बसली. भागोजींनी तर पाहुण्यांना चहा आणि वर फणसपोळीही दिली.

दिवाळीत ते साप्ताहिक आलं. पानभर छायाचित्र, आणि वर मथळा: 'उडत्या तबकडीची वाट पाहणारे तीन खुळे!' आत लिहिलं होतं, की हे तिघे बेकार आणि अविवाहित आहेत, एका यंत्रदेवतेची पूजा करतात आणि दसऱ्याच्या रात्री पौर्णिमेच्या चांदण्यात मांडवीच्या किनाऱ्यावर परग्रहवासीयांना हाका मारतात. यंत्रदेवता म्हणजे मी. अहो, दसऱ्याला कोणाच्या यंत्राला हार नसतो? त्यांच्या छापखान्यातही असेलच की! पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. खाली नाव तरी होतं का? नाही. 'आमच्या खास प्रतिनिधीकडून.'

गावाला आयती करमणूक मिळाली. मासळीबाजारात बायका विचारायच्या, "काय गो राही, आली काय तुझी तबकडी?" ती हसून पुढे जायची, पण चेहरा उतरलेला असायचा. खरं संकट शाळेतून आलं. राही पाच वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर होती आणि कायम होण्याचा तिचा कागद तयार होता, फक्त सही बाकी होती. संस्थेचे अध्यक्ष सखारामभाऊ यांनी तो अडवून ठेवला. डोक्यावर टोप घालणाऱ्या बाईच्या हाती आमच्या मुली कशा द्यायच्या, असं त्यांचं म्हणणं. 'आकाशगाडी'शी माझा संबंध उरलेला नाही, असं शनिवारपर्यंत लिहून द्या, नाहीतर दुसरी नोकरी पाहा.

राहीची आई मथुरा लोकांचे कपडे शिवून घर चालवत आली होती. ती म्हणाली, लिहून दे आणि मोकळी हो. इद्रीसही म्हणाला, बाई, मासिक राहू दे, नोकरी महत्त्वाची. शुक्रवारी दुपारी राही ते लिहून द्यायचं ठरवूनच खोलीत आली. तिने फडक्याने माझं पिंप पुसलं, दांडा पुसला. मी समजलो. जिन्याखालचे ते दिवस मला आठवले आणि मला भीती वाटली.

तिने टंकयंत्रापाशी कोरा कागद घेतला. शेजारीच ते साप्ताहिक पडलं होतं. तीन वर्षांची सवय जाते कुठे? तिची लाल पेन्सिल आपोआप त्या मजकुरावर गेली. तिने एक खूण केली, मग दुसरी केली. मग ती खुदकन हसली आणि ओरडलीच, "इद्रीसभाई, ही तर विज्ञानकथा आहे! आणि चुका बघा किती!"

मग काय विचारता! कोरा कागद बाजूला झाला आणि टंकयंत्रावर मेणकागद चढला. राहीने इतक्या जोराने कळा दाबल्या, की मेणकागदावरच्या 'ठ'ची पोटं गळून पडली आणि छापताना तिथे काळे ठिपके आले. आरंभ रीतीप्रमाणे कौतुकाने होता: 'लेखकाची कल्पनाशक्ती चांगली आहे, त्यांनी लिहीत राहावे.' मग चुका. इद्रीस बेकार असल्यास रत्नागिरीतले अर्धे रेडिओ कोण दुरुस्त करतो? तो अविवाहित असल्यास त्याची बायको हाजरा आणि तीन मुलं कोणाची? भागोजींना तर नातू आहे. आणि क्रमांक नऊ: 'दसरा दशमीला येतो. त्या रात्री पौर्णिमा, हा लेखकाचा स्वतंत्र शोध आहे.' अशा एकतीस चुका. खाली तिघांची पूर्ण नावं. इद्रीसने दांडा धरला आणि मी आयुष्यात फिरलो नव्हतो तसा फिरलो.

शनिवारी राही संस्थेच्या बैठकीत गेली. भागोजी सोबत गेले होते, ते व्हरांड्यात उभे राहिले. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. अध्यक्षांनी हात पुढे केला आणि तिने त्यांनी मागितलेल्या कागदाऐवजी ते पान त्यांच्या हातात ठेवलं. सखारामभाऊ कपाळाला आठ्या घालून वाचू लागले. पौर्णिमेपाशी त्यांची मिशी हलली. दोनदा वाचून त्यांनी विचारलं, "बाकी ठीक आहे. पण टोपाचं काय?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला? राहीने शिपाई कमळाकडून खाऊ शिजवायचे दोन टोप मागवले. एक स्वतःच्या डोक्यावर, दुसरा अध्यक्षांच्या! आधी लांब बसून ती कुजबुजली. त्यांना काही कळलं नाही. मग तिने टोपाला टोप टेकवला आणि तशीच कुजबुजली. सखारामभाऊ दचकले. नंतर त्यांनी समितीतल्या प्रत्येकाला आळीपाळीने टोपात बसवलं.

ती काय कुजबुजली होती, ते मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही. राहीने नंतर आम्हाला सांगितलं. "सही करा अगर करू नका, मासिक मी सोडणार नाही."

त्यांनी तिच्या कायम नेमणुकीच्या कागदावर सही केली. मग 'चूकभूल'चं पान पुढे ओढलं, एकतिसाव्या ओळीखाली जागा होती तिथे स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि पान राहीला परत दिलं. ती ते घेऊन धावत दुकानात आली. मथुरा तिथेच वाट पाहत बसली होती. राहीने मोठ्याने वाचलं:

'३२. या लेखावर विश्वास ठेवून, काही न विचारता, संस्थेच्या अध्यक्षांनी एका चांगल्या शिक्षिकेकडे लेखी मागितले. चूक माझी.'

मथुरेने पदराने डोळे पुसले आणि आपण होऊन माझा दांडा हातात घेतला. त्या दिवशी बत्तीस चुकांचं पान मी सहाशे वेळा छापलं. एक प्रत साप्ताहिकाला गेली. वाचकांनीही तिकडे इतकी पत्रं धाडली, की त्यांना ते पान जसंच्या तसं छापावं लागलं. मुंबईची माणसं ते वाचून हसली, आणि या वेळी आमच्यावर नाही! 'आकाशगाडी'चे वाचक पाचपट झाले.

मित्रांनो, आता माझा दांडा सैल झाला आहे. मला वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, आणखी काही मागत नाही. कोणाच्या वेडाला हसायचं तर खुशाल हसा, पण आधी त्याच्याकडे जाऊन विचारा. आणि चुकलात, तर पुढचा क्रमांक घाला, चूक लिहा आणि खाली आपलं नाव लिहा.