वाळू संपल्यावर

मित्रांनो, मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे. किती वाजले ते मला सांगता येत नाही. अजून किती थांबायचे, एवढेच माझ्याकडे पाहून कळते. काचेच्या दोन फुग्यांत निळी वाळू भरून मला एका कारखान्यात बनवले. बनारसच्या बाजारातून संपदाताईंनी मला तिथल्याच दूधविनायक मोहल्ल्यातल्या आपल्या घरी आणले.

त्यांची मुलगी देवश्री तेव्हा चार वर्षांची होती. ती स्वमग्न होती. 'थोड्या वेळाने' हे शब्द तिला उमगत नसत. थोडा म्हणजे केवढा, हे तिला कोणी दाखवलेच नव्हते. हवी ती वस्तू लगेच मिळाली नाही, की ती कान झाकून जमिनीवर लोळायची.

ताई मला उलटे करून तिच्यासमोर ठेवत. "वाळू संपली की पेढा," एवढेच म्हणत. सुरुवातीला ती मला फेकून द्यायची. माझ्या लाकडी चौकटीवर त्या खुणा आहेत. पण शेवटचा कण पडला, की पेढा तिच्या हातावर यायचाच. हळूहळू ती माझ्यासमोर मांडी घालून बसू लागली. बोटे हलवायची, गुणगुणायची, पण थांबायची. पहिल्यांदा ती वाळू संपेपर्यंत बसली, तेव्हा ताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

मग ब्रह्मा घाटाजवळ, तिच्या आत्याकडे, मुंज निघाली. ताई मलाही पिशवीत घालून घेऊन गेल्या. त्या पंगतीत वाढायला गुंतल्या आणि देवश्रीने जिलबीच्या ताटाकडे हात नेला. इरावतीआत्यांनी मला उलटे केले.

"वाळू संपली की देते हं."

वाळू संपली. देवश्रीने हात पुढे केला.

"अजून जरा, बेटा. आधी पाहुणे." मला पुन्हा उलटे केले. ती पुन्हा बसली. कोणी तरी मोबाइलवर तिचे चित्रण केले. "भारीच समझदार झाली ही," एक बाई म्हणाल्या.

वाळू पुन्हा संपली. आत्यांचे लक्ष नव्हते. तेवढ्यात पाहुण्यांचा एक मुलगा जिलबीसाठी भोकाड पसरून रडू लागला. त्याला गप्प करायला आत्यांनी ताटातली शेवटची जिलबी त्याच्या हातात दिली.

देवश्रीने रिकाम्या ताटाकडे पाहिले आणि किंकाळी फोडली.

"हिला धीर म्हणून नाही," आत्या म्हणाल्या. ताई धावत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ताटाकडे पाहिले.

"ती थांबली होती ना, वन्सं?"

"थांबली होती गं. लहान आहे, विसरेल."

ती विसरली नाही. आता ताई मला उलटे करतात, तेव्हा ती माझ्याकडे पाहतसुद्धा नाही. सरळ पेढ्यांच्या डब्यावर झडप घालते. नातेवाईक म्हणतात, ही पोर सुधारायची नाही. ताईंनी सगळे पहिल्यापासून सुरू केले आहे, पण त्यांचाही आवाज आता थकलेला असतो.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी काच आहे. फुटले, तर बाजारात दुसरे मिळेल. पण एखाद्या मुलाला 'थांब' म्हणाल, तर त्याचे थांबणे संपेल तेव्हा तिथे हजर राहा. ते जमणार नसेल, तर मला हात लावू नका.